पुतळीची टांकसाळ

पैसे जमवणारा माणूस आणि नाणी जमवणारा माणूस यांच्यात फरक एवढाच की, पहिल्याच्या छंदाला घरच्यांची पूर्ण सहानुभूती असते. दुसऱ्याच्या छंदावर नुसती धूळ बसते, आणि ती झटकायचं कामही घरच्यांकडेच येतं. गेली चाळीस वर्षं यवतमाळात राहून मी हा दुसरा उद्योग करतो आहे. आमच्या कपाटात बिस्किटांचे पत्र्याचे नऊ डबे आहेत. त्यांतल्या एकातही बिस्किट नाही हे कळल्यापासून आमच्या नातवंडांचा इतिहास या विषयावरचा विश्वासच उडाला आहे.

डब्यांत काय आहे म्हणाल, तर शिवराया आहेत. त्या तांब्याच्या, जाडजूड, एकीची अक्षरं दुसरीशी जुळत नाहीत अशा. महाराजांच्या नंतरही दीडशे वर्षं त्या पाडल्या जात होत्या, त्यामुळे अजून कुठे कुठे आठवडी बाजारात मिळतात. निजामाचे हाली रुपये आहेत. नागपूरकर भोसल्यांचे रुपये आहेत. त्यांवर नाव दिल्लीच्या बादशहाचं आणि राज्य भोसल्यांचं, म्हणजे आपल्याकडे पाटी एकाची आणि दुकान दुसऱ्याचं असतं तसंच. राणीछाप आहे, एडवर्डचा बिनमुकुटाचा म्हणून ‘टकला’ म्हटला जाणारा रुपया आहे, आणि लढाईच्या काळातला भोकाचा पैसाही आहे. आमच्या सौभाग्यवतींच्या मते या सगळ्या संग्रहात तेवढा एकच पैसा प्रामाणिक. भोक पडलंय ते उघड दाखवतो तरी!

नाही ते फक्त सोनं. निवृत्त माणसाने सोन्याची नाणी जमवायची तर ती पुस्तकांतूनच. म्हणून मी सोन्याची नाणी वाचतो. जेवण झालं की आरामखुर्चीत बसायचं, मांडीवर जाडजूड सूचिपुस्तक घ्यायचं आणि एकेक मोहोर, एकेक होन नजरेखालून घालायचा. यात चोरीची भीती नाही, विम्याचा हप्ता नाही, आणि डुलकी लागली तर नाणं हरवत नाही.

या वाचनसंग्रहातलं माझं सर्वांत आवडतं पान आहे अमेरिकेतल्या खासगी सोन्याच्या नाण्यांचं. खासगी म्हणजे अक्षरशः खासगी. ती राजाने पाडलेली नाहीत, सरकारने नाहीत, बाजारातल्या पेढीवाल्यांनी पाडलेली. २४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियात कोलोमा नावाच्या जागी, सटर नावाच्या गृहस्थाच्या लाकूड कापायच्या गिरणीच्या पाटात जेम्स मार्शल नावाच्या सुताराला पिवळे कण दिसले. पुढच्या वर्षभरात निम्मं जग तिकडे लोटलं. आता नदीत सोनं आहे, खिशात सोनं आहे, पण पाव विकत घ्यायला सुटे पैसे नाहीत. सोन्याची भुकटी पुडीत बांधून लोक बाजाराला जात. दारूच्या गुत्त्यात एका पेल्याला एक चिमूट असा भाव असे, आणि चिमूट अर्थातच गुत्तेवाल्याच्या बोटांची. गुत्त्यावर नोकर ठेवताना त्याचा अंगठा जाड आहे ना, हे पाहून घेत म्हणतात. आमच्या किराणा दुकानदाराचा अंगठा मी त्यानंतर जरा निरखून पाहू लागलो आहे.

सरकारी टांकसाळ फिलाडेल्फियाला, म्हणजे खंडाच्या दुसऱ्या टोकाला. सॅन फ्रान्सिस्कोला सरकारी टांकसाळ निघाली ती १८५४ साली. मधली पाच वर्षं लोकांनी काय करायचं? अमेरिकेच्या घटनेनं राज्यांना नाणी पाडायची मनाई केली होती, पण एखाद्या रामा-गोविंदाने पाडू नयेत असं तीत कुठे लिहिलं नव्हतं. तेव्हा मोफॅट आला, नॉरिस-ग्रेग-नॉरिस आले, वॉस-मोलिटर आले, केलॉग आला. कोणी पाच डॉलरचं पाडलं, कोणी दहाचं, कोणी वीसचं. हम्बर्ट नावाच्या सरकारी परीक्षकाच्या शिक्क्याने १८५१ साली तर पन्नास डॉलरचं आठ कोनांचं नाणं निघालं. एकेकाचं वजन सुमारे सात तोळे. एवढ्या सोन्यात आमच्याकडे नवरी मढून निघते.

त्यांतच एक बाल्डविन. याचं १८५० सालचं दहा डॉलरचं नाणं फार देखणं. त्यावर घोडा उधळलेला, वर स्वार आणि स्वाराच्या हातात फास. नाणं देखणं होतं, पण वजनात मारलेलं. १८५१ साली एका पेढीवाल्याने सगळ्या टांकसाळवाल्यांची नाणी गोळा करून हम्बर्टकडून तपासून घेतली आणि आकडे वर्तमानपत्रात छापून टाकले. बाल्डविनच्या वीस डॉलरच्या नाण्यात सोनं निघालं एकोणीस डॉलर चाळीस सेंटचं. शेकडा तीन खाल्ले. तुम्ही म्हणाल, तीन टक्के म्हणजे काय मोठंसं? कापसाच्या वजनकाट्यापाशी उभं राहिलेल्या आमच्याकडच्या माणसाला विचारा. तर बाजाराने बाल्डविनची नाणी घेणं बंद केलं, आणि मंडळी आगबोटीचं तिकीट काढून निघून गेली.

उलट त्याआधी वीस वर्षं, १८३१ सालापासून, नॉर्थ कॅरोलिनात बेक्टलर नावाच्या जर्मन घराण्याने पाडलेली नाणी लोक बिनतक्रार घेत. ख्रिस्तोफर बेक्टलर धंद्याने सोनार आणि घड्याळजी. आसपासचे खाणवाले आपलं सोनं त्याच्याकडे आणायचे, तो थोडी मजुरी घेऊन नाणी पाडून द्यायचा. राजमुद्रा वगैरे काही नाही. नाण्यावर स्वतःचं नाव, सोन्याचा कस आणि वजन. म्हणजे ‘घ्या, तपासा, आणि कमी भरलं तर माझ्या दारात या’.

१८६४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून खासगी नाणी बंद केली. त्याआधीच बहुतेक नाणी सरकारी टांकसाळीच्या मुशीत वितळून गेली होती. म्हणूनच उरलीसुरली आता दुर्मीळ. लिलावात काहींना लाखो डॉलर पडतात, आणि विनोद असा की कमी भरल्याबद्दल ज्यांना बाजाराने हाकललं त्या बाल्डविनच्या नाण्यांवरही धनिक मंडळी तुटून पडतात. लबाडी दीडशे वर्षं मुरू दिली की तिचं लोणचं होतं.

हे सगळं वाचून ‘वा, काय देश!’ असं म्हणण्याआधी जरा आपल्या घरात डोकवावं. खासगी टांकसाळ ही आपल्याकडे जुनी चाल. १७४४ साली पेशव्यांच्या दप्तरात नागोठण्याच्या आणि रेवदंड्याच्या माणसांना टांकसाळ घालण्याचे परवाने दिल्याची नोंद आहे. तेव्हा कॅलिफोर्नियाचं सोनं अजून नदीत निवांत पडलेलं होतं. सरकारला ठराविक रक्कम भरायची, वजन आणि कस ठरल्याप्रमाणे ठेवायचा, कसूर केली तर शिक्षा. पुढे चिंचवडला सोनारांनी टांकसाळ चालवली. धारवाडकडे तर टांकसाळींचं इतकं पीक आलं आणि नाणी इतकी हलकी निघू लागली की, थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत त्या बंद करून धारवाडला एकच टांकसाळ ठेवायचा हुकूम निघाला. या साऱ्या कारभारावर न्यायमूर्ती रानड्यांनी १८९९ साली इंग्रजीत निबंध लिहिला आहे. समाजसुधारणा करता करता माणसाला बट्ट्याचा हिशेब करायलाही वेळ मिळे, असे ते दिवस होते.

बट्टा म्हणजे काय, हे आता नव्या पोरांना सांगावं लागतं. रुपया अंकुशी असो, चांदवडी असो, नागपुरी असो, सराफ तो दगडावर आपटून वाजवायचा, काट्यावर टाकायचा आणि त्याच्या मगदुराप्रमाणे काही आणे कापून घ्यायचा. तो बट्टा. राज्यं गेली, रुपये गेले, पण भाषेत सगळी चिल्लर शिल्लक आहे. कुळाला बट्टा लागतो, माणूस कसाला लागतो, उत्तर खणखणीत असतं आणि जावई बंदा रुपया असतो. मराठी माणसाने पैसे फारसे साठवले नसतील, पैशाचे वाक्प्रचार मात्र पोतंभर साठवले.

१८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकच रुपया केला, आणि हळूहळू बाकीच्या टांकसाळी विझत गेल्या. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं, त्यात आमचं दारव्हा, वणी, पुसद सगळं आलं. म्हणजे इथे खासगी नाण्याची गोष्ट संपली असं इतिहासाच्या पुस्तकावरून वाटतं. पण इतिहासाच्या पुस्तकाला आमच्या बायकांच्या गळ्यात पाहायची सोय नाही.

गळ्यात काय असतं? पुतळी! पुतळ्यांची माळ. सोन्याच्या गोल चकत्या, प्रत्येकीला कडी, रेशमात ओवलेल्या. लग्नाच्या फोटोत हमखास दिसते ती. पुतळी हा दागिना नव्हे, ते नाणं आहे, आणि तेही आपलं नव्हे, इटलीतल्या व्हेनिस शहराचं. तिथल्या प्रजासत्ताकाने १२८४ साली हे सोन्याचं नाणं, डुकाट, पाडायला सुरुवात केली. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, आणि गंमत म्हणजे आपल्या जुन्या मापात मोजलं तरी साधारण साडेतीन मासेच. कस जवळजवळ शंभर नंबरी. पुढे पाच शतकं त्यांनी ना वजन बदललं, ना कस, ना चित्र. एका बाजूला संत मार्क उभे आहेत आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकून व्हेनिसचा प्रमुख, ज्याला तिकडे डोज म्हणत, निशाणाची काठी धरून आहे. दुसऱ्या बाजूला लंबगोलात येशू ख्रिस्त उभा, भोवती चांदण्या. मिरी, मसाले, कापड घेऊन जहाजं जात, त्यांची किंमत म्हणून हे नाणं अरबस्तानावरून आपल्या बंदरांत येई. नाण्यावरच्या माणसांच्या आकृत्या पाहून आपल्या लोकांनी नाव ठेवलं ‘पुतळी’. सभासदाने बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातल्या सोन्याच्या नाण्यांची यादी दिली आहे. तिच्यात पुतळीही आहे.

१७९७ साली नेपोलियनने व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडवलं. पण आमच्याकडे मुली जन्माला यायच्या थांबल्या नव्हत्या, आणि त्यांच्या लग्नात पुतळ्या घालायची रीतही थांबली नव्हती. तेव्हा आमच्या सोनारांनी काम हातात घेतलं. ठसा कोरला, सोन्याचा पत्रा ठेवला, ठोकला, कडीला डाग दिला, झाली पुतळी. लॅटिन अक्षरं सोनाराला येत नव्हती, म्हणून त्याने अक्षरांसारख्या रेघा कोरल्या. त्या वाचायला जावं तर इंग्रजी, मोडी आणि डॉक्टरची चिठ्ठी या तिन्हींचा भास होतो. एखाद्या ठशात डोजला मिशा फुटल्या, एखाद्यात संताच्या डोक्यामागचं वलय पागोट्यासारखं दिसू लागलं. पण वजन तेच, रूप तेच, आणि अडचणीला मोडायला काढली की किंमत सोन्याची. मी विचारतो, मागे राजा नाही, सरकार नाही, कायदा नाही, आणि तरी लोक डोळे मिटून घेतात, याला खासगी नाणं नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? कॅलिफोर्नियात अशा टांकसाळी पंधरा-वीस निघाल्या, आमच्या वऱ्हाडात सराफ्यातल्या ओळीओळीने होत्या.

त्यात आणखी एक योगायोग आहे. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडी कापसाकडे वळल्या. भाव असे चढले की, बैलगाडीच्या चाकांना लोकांनी चांदीच्या धावा बसवल्या अशी आख्यायिका आहे. धाव मी पाहिलेली नाही. पण अमेरिकेत खासगी नाणी कायद्याने बंद झाली ते १८६४ साल त्याच तेजीतलं. तिकडचे ठसे थंडावले आणि इकडे कापसाच्या पैशाने हात सैल झाले. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. मुंबईत शेअरबाजार बुडाला, पेढ्या बुडाल्या. गळ्यातलं तेवढं राहिलं.

आमच्या या घरगुती टांकसाळीवर खरा घाव पडला जानेवारी १९६३ मध्ये. चीनच्या युद्धानंतर सुवर्णनियंत्रण आलं, आणि चौदा कॅरटच्या वर नवा दागिना घडवायला बंदी झाली. चौदा कॅरटची पुतळी म्हणजे दुधाऐवजी दुधाचा फोटो. देशभर सोनार बेकार झाले. आमच्याकडे कोणी शिवणयंत्र घेतलं, कोणी पानठेला टाकला. नियम पुढे सैल झाले, १९६८ साली वेगळा कायदा आला, १९९० साली तोही गेला. पण मधल्या काळात हाताने ठसा कोरणारी पिढी उठून गेली होती.

आता एवढी प्रस्तावना केल्यावर आत्याबाईंच्या माळेकडे यायला हरकत नाही.

आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या बहीण. दारव्ह्याला राहतात, वय सहा कमी नव्वद. पूर्वी त्यांच्याकडे जायला शकुंतला गाडी होती. तीही एका खासगी विलायती कंपनीची आणि चालीने तर पुराणकालीन. आता ती धावत नाही, म्हणून एस.टी.ने जावं लागतं. आत्याबाईंच्या बोलीत ‘ळ’ला जागा नाही. पुतळी म्हणजे ‘पुतयी’ आणि माळ म्हणजे ‘माय’. माळ त्यांना आईकडूनच, म्हणजे माझ्या आजीकडून आलेली, त्यामुळे त्या ‘पुतयाची माय’ म्हणतात तेव्हा त्या दागिन्याबद्दल बोलताहेत की आजीबद्दल, हे वाक्य संपेपर्यंत कळत नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. नातीला नागपूरला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला होता. फी, वसतिगृह, खानावळ. कापसाने त्या वर्षी जे केलं ते कापूस नेहमी करतो तेच. आत्याबाईंनी माळ काढून पोराच्या पुढे ठेवली होती आणि हुकूम केला होता, “बापूले बलाव. त्याले नाण्याचं कयते.” आयुष्यात प्रथमच कोणीतरी माझ्या छंदाचा कामासाठी उल्लेख केला. मी भिंग, काटा, वही घेऊन पहिल्या एस.टी.ने निघालो.

एकोणीस पुतळ्या होत्या. ओसरीवर पांढरं धोतर अंथरून मी त्या मांडल्या. भिंग लावल्याबरोबर पहिल्याच पुतळीवर लॅटिन अक्षरं स्वच्छ दिसली: ‘पॉल रायनर’. पाओलो रेनिएर, १७७९ ते १७८९ या काळातला व्हेनिसचा डोज. तो गादीवर आला त्या वर्षी इकडे वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना नमवलं होतं. अशा अस्सल व्हेनिसच्या सात निघाल्या. उरलेल्या बारा सोनारी.

“यात कोण आहे, ठाऊक आहे का आत्याबाई?” मी विचारलं.

“राम हाये,” त्या म्हणाल्या. “आन् गुडघे टेकून मारुती. त्याच्या हाती झेंडा. माघं इठोबा.”

आता संत मार्क आणि डोजची सगळी हकिकत माझ्या जिभेवर आली होती. पण सत्तर वर्षं ज्याला रोज सकाळी हात जोडले त्याची बदली परस्पर इटलीला करणं मला योग्य वाटलं नाही.

मुलगा व्यवहारी. तो म्हणाला, “मंग सोपं झालं. असली ठिवू, नकली मोडू.”

नकली! शब्द ऐकून मला वाईट वाटलं, पण वादाआधी कस पाहावा म्हणून आम्ही तिघं सराफाकडे गेलो. पूर्वी कसोटीच्या दगडावर रेघ ओढत, आता शुद्धता मोजायचं यंत्र आहे. पुतळी आत ठेवली की पडद्यावर आकडा येतो. व्हेनिसच्या सातही चोख निघाल्या. मग सोनारी. पहिली आली, दुसरी आली, तिसरी आली. अकरा पुतळ्यांचा आकडा व्हेनिसशी उन्नीस-बीसच, आणि वजनात तर दोन-तीन चार-दोन गुंजा वरच. सराफाचा तरुण मुलगा म्हणाला, “काका, पूर्वीचे लोक येडे होते. कोणी तपासत नव्हतं, तरी पूर्ण टाकायचे.”

बाल्डविनवर नजर ठेवायला वर्तमानपत्र होतं, हम्बर्ट होता, सगळं सॅन फ्रान्सिस्को होतं. दारव्ह्याच्या सोनारावर कोण होतं? माझ्या आजीसारखी निरक्षर बाई, जी पुतळी हातात घेऊन एकदा जोखायची आणि पदरात बांधायची. यंत्र यायला साठ-सत्तर वर्षं होती. त्याने शेकडा तीन काय, दहा खाल्ले असते तरी तो हयात असेपर्यंत कळलं नसतं.

बारावी पुतळी मात्र यंत्रावर घसरली. कस बराच खाली, वजनही कमी. सराफाने मान हलवली. मुलाने माझ्याकडे पाहिलं. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, “ते माह्या मामेसासऱ्यानं लग्नात देल्ली. मले तवाच ठाऊक होतं.”

“कसं?”

“देतानी लय बोलले ते.”

मी नाणकशास्त्रावरची बरीच पुस्तकं वाचली आहेत. खोटं नाणं ओळखायची इतकी सोपी कसोटी एकातही दिलेली नाही.

परत ओसरीवर बसलो आणि खरा प्रश्न समोर आला. कोणत्या विकायच्या? मोडीत काढल्या तर सगळ्यांना भाव एकच, वजनाचा. सराफाला संत मार्क आणि मारुती सारखेच. त्याची मूस चेहरे पाहत नाही. माझं म्हणणं मी मांडलं. व्हेनिसची पुतळी मोडीत घालायची गरज नाही. तिला कडीचा डाग लागलेला असला तरी नाणी घेणारे तिला सोन्याहून थोडं वर देतात, आणि घेणारा तिला वितळवत नाही, जपतो. शंभर वर्षांवरचं नाणं कायद्याने पुरावस्तू, ते देशाबाहेर जात नाही. म्हणजे ती सात राहतील तर जिवंतच, फक्त दुसऱ्याच्या कपाटात. पण सोनारी पुतळी सराफाकडे गेली की संध्याकाळपर्यंत तिची बांगडी झालेली असेल. व्हेनिसचं नाणं जगातल्या कितीतरी संग्रहालयांत आहे. दारव्ह्याच्या या ठशाचं नाणं पृथ्वीच्या पाठीवर एवढंच असेल, या धोतरावर मांडलेलं. अमेरिकेतली ती खासगी नाणी अशीच सरकारी मुशीत गेली आणि आता त्यांच्यासाठी लोक लाखो मोजतात...

अमेरिका ऐकल्यावर मुलाने जांभई दिली. आत्याबाईंनी माझं सगळं व्याख्यान दोन ओळींत बसवलं. “इटलीवाल्याले जग ओयखते. माह्या सोनाराले कोन ओयखते? त्या सात विका.”

मग सांगत बसल्या. तो सोनार त्यांच्या माहेरच्या गल्लीतला. १९५७ साली त्यांचं लग्न ठरलं, त्या साली कापूस बरा झाला होता. माझ्या आजोबांनी चार पुतळ्या सांगितल्या. सोनार रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन त्या दिवशीची पुतळी दाखवून जायचा आणि परत घेऊन जायचा, का तर चारी झाल्याशिवाय मजुरी घ्यायची नाही म्हणून. सहा वर्षांनी तो चौदा कॅरटचा कायदा आला. सोनाराने बैठक उचलली आणि बसस्टँडवर चहाची गाडी लावली. “चहा बी पुरा द्यायचा,” आत्याबाई म्हणाल्या. “कप काठोकाठ. कपाखाली बशी भरायची.”

व्हेनिसच्या सात पुतळ्या महिन्याभरात रीतसर गेल्या. नाणी घेणाऱ्या एका गृहस्थांनी त्या एकत्रच घेतल्या, म्हणजे सातही बहिणी एका घरात पडल्या. पहिल्या वर्षाची फी भागली, वसतिगृहाचं भागलं, आणि थोडं कापसाच्या बियाण्यालाही उरलं. एक पुतळी मी घ्यावी असं मुलगा सुचवत होता. माझं निवृत्तिवेतन आणि सोन्याचा भाव यांची तोंडओळखही नाही, हे त्याला मी समजावून सांगितलं. शिवाय ज्या नाण्यासाठी मी खरोखर जीव टाकला असता ते विकायचं नव्हतंच.

उरलेल्या बारा पुतळ्या पटवेकऱ्याकडे नव्याने ओवायला दिल्या. सातांच्या जागी त्याने रेशमाचे गोंडे वाढवले. हलकी पुतळी कुठे घालू, असं त्याने विचारलं. ती काढूनच टाकावी असं माझं मत होतं. आत्याबाई म्हणाल्या, “माघं घाल. मानेपाशी. दिसू नाही, पन आठवन राहिली पायजे.”

घरी येऊन मी वही काढली. प्रत्येक नाण्याची नोंद करायची माझी पद्धत आहे: राजा, टांकसाळ, साल, धातू, वजन. व्हेनिसच्या सातांची नोंद पाच मिनिटांत झाली. माझ्याजवळ नसली तरी मी ती वाचलेली नाणी म्हणून लिहून ठेवली. मग त्या अकरा. राजा: कोणी नाही. टांकसाळ: सोनार गल्ली, दारव्हा. सालाच्या रकान्यात कोणत्याही पुतळीवर काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून चारांपुढे आत्याबाईंच्या शब्दांत लिहिलं, ‘लग्नाचं साल, कापूस बरा’. बाकी सातांपुढे ‘आजीच्या’.

बारावीची नोंद करायला मात्र फोन करावा लागला. आत्याबाईंनी मामेसासऱ्यांचं नाव आडनावासकट सांगितलं, वर दोनदा वाचून दाखवायला लावलं. ते वहीत लिहिलेलं आहे. इथे छापत नाही, कारण त्यांचे नातू आमच्या शेजारीच राहतात, आणि आमची पाण्याची मोटर दोघांत एक आहे.